परसापूर कुठं आलं?

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर आजी हरवल्याची पोस्ट येते ती साधारण दिवेलागणीनंतर. तोवर घरच्यांचं शोधून झालेलं असतं. गच्ची, क्लब हाउस, देऊळ, समोरचा भाजीवाला, दुसऱ्या विंगमधली मैत्रीण. मग कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापून काढलेला चेहरा येतो. खाली वय, उंची, साडीचा रंग, पायात काय होतं, ‘थोडं विसरायला होतं’ अशी कसनुशी ओळ, दोन मोबाइल नंबर आणि ‘कृपया जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’. पहिली दहा मिनिटं जोडलेल्या हातांची चित्रं येत राहतात. त्यानंतर तपास सुरू होतो.

हा तपास वाचण्यासारखा असतो. गेटवरच्या कॅमेऱ्यातलं दृश्य कुणीतरी मोबाइलवर टिपून टाकतं. म्हणजे पडद्याचाच व्हिडिओ, तोही हलत्या हातानं, वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. पोस्टमधली साडी मोरपंखी, व्हिडिओतली करडी. म्हणजे या त्या नव्हेतच, असा एकाचा निकाल. दुसरा सांगतो की उजेड कमी झाला की कॅमेरा इन्फ्रारेडवर जातो आणि मग मोरपंखी काय, लाल काय, सगळंच करडं. (हा माणूस बरोबर असतो. पण तो एकदाच बोलतो आणि वर सरकून जातो.) तिसऱ्याला वेळ खटकते. घरचे म्हणतात साडेपाचला बाहेर पडल्या, कोपऱ्यातलं घड्याळ सहा बारा दाखवतंय. मधली बेचाळीस मिनिटं कुठं गेली? बहुधा कुठंच नाही. सोसायटीच्या डीव्हीआरचं घड्याळ वीज जाऊन येऊन मागंपुढं झालेलं असतं आणि ते दुरुस्त करायचं असतं हे कुणाच्या गावीही नसतं. तपासाला आलेला जाणता हवालदार आधी आपल्या फोनची वेळ बघतो, मग डीव्हीआरची, आणि दोन्हींतला फरक लिहून घेतो. ग्रुपवर तेवढा धीर नसतो. रात्री दहापर्यंत प्रश्न येतोच : ‘घरात काही झालं होतं का?’ त्यानंतर सूनबाईंच्या वागण्याचे साक्षीदार मिळायला लागतात.

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजार आणि काळ्या पहाडावर वाढलेल्या पिढीची ही नातवंडं. गूढ दिसलं की हात शिवशिवतातच. त्यात वाईट काही नाही. पण हरवलेल्या म्हातारीचं प्रकरण रहस्यकथेसारखं बहुतेकदा नसतंच. त्यात खलनायक नसतो. असतो तो एक लांबच लांब रस्ता आणि एक बिघडलेली आठवण.

देशात साठीच्या पुढच्या शंभरातल्या साधारण सात जणांना डिमेन्शिया असल्याचा एका मोठ्या सर्वेक्षणाचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे अठ्ठ्याऐंशी लाख माणसं, आणि त्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांहून जास्त. या माणसांचं भटकणं बाहेरून दिशाहीन दिसतं. त्यांच्या लेखी ते तसं नसतं. ती ‘घरी’ निघालेली असतात. आता घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधल्या आजीचं घर कुठलं? लालबागची चाळ, डोंबिवलीतली दोन खोल्यांची जागा, नाहीतर खेडजवळचं एखादं गाव. मुलानं विसाव्या मजल्यावर घर घेतलं तेव्हा ती सामानाबरोबर आली. लिफ्टची बटणं तिच्या अंगवळणी पडण्याआधीच आजार आला. त्यामुळे ग्रुप जेव्हा गायमुखच्या खाडीकडे आणि येऊरच्या जंगलाकडे बोट दाखवत असतो, तेव्हा आजी कदाचित स्टेशनकडे जाणाऱ्या टीएमटीत खिडकीशी बसून कंडक्टरला परळचं तिकीट मागत असते.

या रस्त्याला स्वतःचीही काही अंगं आहेत. माजिवड्या-कापूरबावडीपासून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, गायमुख करत तो घाटात शिरतो आणि चेण्याच्या पुढे काजूपाड्यावरून फाउंटन हॉटेलापाशी अहमदाबाद महामार्गाला मिळतो. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या अंगाला उल्हास नदीची खाडी. २०१८ नंतर मेट्रो चारच्या खांबांनी आणि पत्र्यांनी तो इतक्यांदा बदलला की नेहमीच्या रिक्षावाल्यालाही नवा कट शोधावा लागतो. गायमुख ते विजय गार्डन मेट्रोची चाचणी सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. पण खालचा रस्ता ओलांडणं आजही तरण्याताठ्यांचंच काम आहे. आठवणीनं चालणाऱ्या माणसाला खुणेचं झाड, खुणेचं दुकान लागतं. इथं पावसाळ्यागणिक खुणा बदलतात.

आणि हद्दी. गायमुखापर्यंत ठाणे पोलीस आयुक्तालय. घाट उतरून पलीकडे गेलं की मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय. ते १ ऑक्टोबर २०२० पासून वेगळं झालं, त्याआधी तो भाग ठाणे ग्रामीणकडे होता. मध्ये जंगलात पाऊल पडलं तर वनखातं. रुळांवर काही झालं तर लोहमार्ग पोलीस. ठाण्याहून बोरिवलीकडे जाणाऱ्या एसटीत बसलेली म्हातारी तासाभरात दोन हद्दी ओलांडून मुंबई पोलिसांच्या तिसऱ्या हद्दीत उतरते. शेजारच्या सीटवरच्या बाईला फक्त एक आजी खाली उतरताना दिसते, बाकी काही नाही.

हे सगळं लिहिताना मला सारखं एक प्रकरण आठवतं, ते ठाण्याचं नाही. मध्य प्रदेशातल्या दमोह जिल्ह्यातलं आहे, पण त्याचा उलगडा मराठीत आहे.

१९७९-८० च्या सुमारास दमोह जिल्ह्यातल्या एका ट्रकचालकाला रस्त्यात एक बाई सापडली. मधमाश्यांनी तिला फोडून काढलं होतं. त्यानं उपचार केले, काही दिवसांनी ती पुन्हा भटकताना दिसली तेव्हा तो तिला घरीच घेऊन आला. ती तिथंच राहिली. गाव तिला मौसी म्हणू लागलं. ती बोलायची, पण काय ते कुणाला कळायचं नाही, कारण ती मराठी बोलायची आणि ते बुंदेलखंडातलं मुसलमान कुटुंब होतं. ट्रकचालक वारला. त्याच्या लहान मुलानं तिला आईसारखंच सांभाळलं. तिच्या तोंडी एक नाव यायचं, खंजमा नगर. मुलानं ते इंटरनेटवर शोधून पाहिलं, फेसबुकवर तिच्याबद्दल लिहून पाहिलं. काही निघालं नाही.

मग २०२० चा लॉकडाउन आला. घरी बसलेल्या मुलानं मे महिन्यात तिला पुन्हा एकदा विचारलं, मावशी, तुझं गाव कुठलं? या वेळी तिच्या तोंडून नवं नाव आलं : परसापूर. हे नाव नकाशावर होतं. अमरावती जिल्ह्यात, अचलपूरजवळ. मुलानं तिथल्या एका दुकानदाराचा नंबर नेटवर शोधला आणि फोन लावला. दुकानदार म्हणाला, हो, आमच्याजवळ खंजमा नगर नावाची वस्ती आहे. मुलानं तिचा व्हिडिओ पाठवला, दुकानदारानं तो आपल्या समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला ओळख पटल्याचा निरोप आला. नागपूरला राहणारा नातू टाळेबंदी सैल होण्याची वाट बघत थांबला आणि १७ जून २०२० रोजी गाडी घेऊन तिला न्यायला आला. नव्वदी ओलांडलेली आजी चाळीस वर्षांनी घरी निघाली. १९७९ मध्ये मनाच्या आजारावर उपचारांसाठी तिला नागपुरात आणलं होतं, तिथून ती घराबाहेर पडली ती पडलीच. आयुष्यभर तिला शोधणारा तिचा मुलगा तीनच वर्षांपूर्वी गेला होता.

या प्रकरणातला पुरावा कुठं होता ते बघा. चाळीस वर्षं तो त्या घराच्या ओसरीवर बसून रोज बोलत होता. कॅमेरा नव्हता, मोबाइलचं लोकेशन नव्हतं, साडीचा रंग नव्हता. दोन गावांची नावं होती आणि त्यांतलं एक नेटला ओळखू आलं नाही. दमोहच्या पोरानं शहाणपण केलं ते एवढंच की एकदा उत्तर मिळालं नाही म्हणून विचारणं सोडलं नाही, आणि नाव मिळाल्यावर तर्क लढवण्याऐवजी त्या गावातल्या माणसाला फोन लावला. परसापूरच्या दुकानदाराला ती कोण हे माहीत नव्हतं, पण कुणाला माहीत असेल हे माहीत होतं. समाजाच्या ज्या ग्रुपवर एरवी वधू-वरांचे बायोडेटा आणि श्रद्धांजल्या फिरतात, तो ग्रुप त्या रात्री कुठल्याही तपासपथकाच्या पुढे गेला.

दुसरं प्रकरण आपल्या जवळचं, कुर्ल्याचं. २००२ मध्ये कुर्ल्यातली एक बाई दुबईत स्वयंपाकाचं काम मिळेल म्हणून एजंटाला पैसे देऊन निघाली. आखाती देशांत तिनं आधीही काम केलं होतं, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. एजंटानं तिला नेलं ते पाकिस्तानातल्या हैदराबादला. पुढची वीस-बावीस वर्षं ती सिंधमध्ये अडकली, तिथंच एका फेरीवाल्याशी लग्न झालं, नवरा कोविडमध्ये गेला. कराचीतले वलीउल्लाह मारूफ हे धर्मगुरू आपल्या यूट्यूब वाहिनीवर अशा दुरावलेल्या बायकांच्या कहाण्या टाकतात. २०२२ मध्ये त्यांनी हिची मुलाखत टाकली. मुंबईतले पत्रकार खल्फान शेख यांनी ती पाहिली आणि कुर्ल्यात फिरवली. आजी गेल्यानंतर जन्मलेल्या नातवानं ती बघितली, घरात दाखवली, आणि लेकीनं आईला ओळखलं. पण ओळख पटली तशी आजी लगेच परत आली नाही. भारतीय असल्याची सरकारी खातरजमा होऊन ती वाघा ओलांडून आली ती डिसेंबर २०२४ मध्ये. मुलीनं चेहरा बघून ओळखणं आणि सरकारनं कागद बघून ओळखणं यांत दोन वर्षांहून जास्त काळ गेला. सरकारी दिरंगाईला मी एरवी माफ करत नाही. इथं मात्र एवढं मान्य करावं लागतं की मायलेकीच्या ओळखीपलीकडे, तिऱ्हाइताला पटेल असं काही तरी हातात असावं लागतं.

हे तिऱ्हाइताला पटणं म्हणजे काय ते कायद्यानं बऱ्यापैकी स्पष्ट केलं आहे, आणि ते स्पष्ट झालं ते आपल्या जालन्याच्या एका खटल्यातून. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळ टळून गेल्यावर भरला का, हा वाद. अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण हा पुरावा. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत ठरलेलं प्रमाणपत्र हवंच. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं ते कलम ६५ ब. आता भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम ६३ झालं आहे. चित्रण कुठल्या यंत्रातलं, यंत्र नीट चालत होतं का, प्रत कशी काढली, हे जबाबदार माणसानं सही करून सांगायचं. ग्रुपवर चौदाव्यांदा पुढे आलेल्या त्या हलत्या व्हिडिओला न्यायालयात काय किंमत असेल याचा यावरून अंदाज यावा. मूळ चित्रण मात्र सोन्यासारखं असतं आणि ते टिकत नाही. डिस्क भरली की डीव्हीआर जुन्यावरच नवं लिहितो. कुठं पंधरा दिवस, कुठं महिना. ग्रुपवर साडीचा रंग ठरेपर्यंत पलीकडच्या औषधाच्या दुकानातलं चित्रण पुसलं गेलेलं असतं.

ग्रुपचा तपास चुकला तर फारसं बिघडत नाही, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले तेव्हा रेडिटवरच्या हजारो हौशी शोधकांनी गर्दीचे फोटो तपासून ब्राउन विद्यापीठातल्या एका भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यावर बोट ठेवलं. तो मुलगा महिनाभर आधीपासून बेपत्ता होता. त्याला शोधण्यासाठी घरच्यांनी उघडलेल्या फेसबुक पानावरच शिव्यांचा पाऊस पडला. काही दिवसांनी त्याचा मृतदेह नदीत सापडला. स्फोटांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. आपल्याकडे १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज महिनाभर फिरत होते. अनोळखी कपडे आणि लहान मुलीशी बोलणं, एवढ्यावर शिक्षा. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूचा २०२० मध्ये घरोघरी जो तपास झाला, त्याचा शेवटही आठवत असेल. एम्सच्या डॉक्टरांनी खुनाची शक्यता नाकारली, मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. तोवर त्याच्या मैत्रिणीनं तुरुंग बघितला होता.

हौशी लोकांना आणखी एक मोह होतो, तो फोनच्या नोंदींचा. ‘ओळखीचा माणूस आहे, सीडीआर काढून देतो,’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. ठाण्याच्या गुन्हे शाखेनं २०१८ च्या सुरुवातीला याच धंद्याचं जाळं उघड केलं आणि त्यात नावाजलेल्या खासगी गुप्तहेरांनाही अटक झाली. दुसऱ्याच्या कॉलची यादी पोलिसांनी रीतसर मागवायची असते. ती परस्पर मिळवणं हा गुन्हा आहे, मग ती कुणाच्या आजीसाठी का असेना.

मग ग्रुपनं करायचं तरी काय? अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले राजेंद्र भोसले यांचं नाव यासाठी घ्यावंसं वाटतं. २००८ ते २०१५ या काळात त्या ठाण्यात १६६ मुली हरवल्याची नोंद झाली, त्यांतल्या १६५ त्यांच्या पथकानं शोधल्या. उरलेल्या एकीसाठी ते निवृत्तीनंतरही फिरत राहिले. ती मुलगी नऊ वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये सापडली, तीही घरापासून फार लांब नाही. ती ज्या घरात कामाला होती तिथल्याच एका कामवाल्या बाईनं तिचं नाव नेटवर शोधलं, तेव्हा तिच्या हरवल्याचं जुनं पोस्टर पुढे आलं. पोस्टरवर पाच नंबर होते. चार बंद लागले. पाचवा एका शेजाऱ्याचा, तो चालू होता. तर्क नाही, वाद नाही. एका बाईला शंका आली, एका शेजाऱ्यानं नंबर बदलला नाही. आणि पोस्टर नऊ वर्षांनीही कुणीतरी वाचू शकेल अशा जागी होतं. आपल्या पोस्टवर बऱ्याचदा तारीखही नसते. त्यामुळे सापडलेल्या आजी पुढची चार वर्षं नाशिक-सोलापूरच्या ग्रुपवर हरवलेल्याच राहतात.

वृद्धांच्या बाबतीत खरी गाठ पडते ती दोन वह्यांची. मुलगा कासारवडवलीच्या ठाण्यात जाऊन मिसिंग दाखल करतो. (चोवीस तास थांबावं लागतं, ही निव्वळ दंतकथा आहे, लगेच जावं.) त्याच वेळी कल्याणच्या फलाटावर किंवा बोरिवलीच्या डेपोत एक गोंधळलेली म्हातारी कुणाला तरी सापडलेली असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० नुसार मनाचं भान हरपून भटकणाऱ्या माणसाला पोलिसांनी ताब्यात नाही, संरक्षणात घ्यायचं, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, आणि घरचे सापडेनात तर हरवलेल्या व्यक्तीची प्रथम खबर (एफआयआर) नोंदवून घरच्यांचा शोध घ्यायचा. म्हणजे एका ठाण्यात ती हरवली आहे आणि दुसऱ्या ठाण्यात सापडली आहे. या दोन नोंदी एकमेकींना भेटल्या की प्रकरण संपलं. पाचशे माणसांच्या ग्रुपचा उपयोग इथं आहे. एकानं कळव्याच्या रुग्णालयात चौकशी करावी, एकानं ठाण्याच्या मनोरुग्णालयात, एकानं लोहमार्ग पोलिसांकडे, एकानं घाटापलीकडे काशिमीऱ्याला, एकानं १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर. कंटाळवाणं काम आहे. त्यात अक्कल दाखवायला जागा नाही, म्हणून ते कुणी अंगावर घेत नाही.

दोन वह्या भेटत का नाहीत याचं एक कारण आपल्या घरातच आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवते. २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. तिथली पद्धत अशी की औषधांनी मन थोडं थाऱ्यावर आलं की माणूस तुकड्यातुकड्यांनी बोलू लागतो. नदी, बाजार, शाळा, जवळचं स्टेशन. त्या तुकड्यांवरून सोबत जाऊन घर शोधायचं. डिमेन्शियात हे असं परत येत नाही; उलट अलीकडचं आधी पुसतं आणि जुनं शेवटपर्यंत तग धरतं. घोडबंदरच्या टॉवरचं नाव जातं. सोसायटीच्या पोस्टमध्ये लिहिलेलं लग्नानंतरचं आडनाव जातं. आपल्याकडे तर लग्नात पहिलं नावही बदलायची रीत होती. तेव्हा बोरिवलीच्या डेपोत हवालदारानं ‘आजी, नाव काय?’ विचारलं तर उत्तर येईल ते माहेरचं. आणि त्याच्या वहीत तेच नाव चढेल.

गळ्यात क्यूआर कोड अडकवणं हा यावरचा उपाय हल्ली बराच सुचवला जातो. मुंबईत अक्षय रिडलान या तरुणानं केलेल्या लॉकेटमुळे २०२३ मध्ये एक हरवलेला मतिमंद मुलगा काही तासांत घरी पोचला. जपानात इरुमा शहरानं २०१६ पासून वृद्धांच्या नखांवर असे कोड चिकटवले. जपानभरात डिमेन्शिया असलेल्या एकोणीस हजारांवर माणसांची हरवल्याची नोंद एकट्या २०२३ मध्ये झाली. लॉकेट चांगलंच, पण आजी ते काढून देव्हाऱ्यात ठेवणार, हे घरचे जाणतात.

म्हणून आपल्या घरच्या आजींचं माहेरचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, त्या जिथं चाळीस वर्षं राहिल्या त्या चाळीचा पत्ता आणि तिथं जायला त्या कुठली बस धरत, एवढं एका कागदावर लिहून बघा. फोटोखाली साडीच्या रंगाच्या आधी हे टाकायला हवं. बहुतेक घरांत पहिल्याच ओळीला पेन अडतं. नातवाला माहीत नसतं, सुनेला ऐकून असतं, मुलाला ‘काहीतरी वत्सला-विमल असं होतं’ इतपत आठवतं. खात्रीनं सांगू शकेल असा एक मामेभाऊ राजापूरकडे असतो, आणि त्याचा नंबर जुन्या फोनमध्ये राहिलेला असतो.